मौलाचा कागद

मौला,

तुला माती देऊन परतताना कब्रस्तानाच्या फाटकाशी निवृत्ती माझ्या शेजारून चालत होता. चपला हातात घेतलेल्या. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "माणूस सोन्यासारखा व्हता, गुरुजी. पर त्येला कागद कळत न्हवता."

मी मान हलवली. होय म्हणून हलवली, मौला. तुझ्यावर टाकलेल्या तीन मुठी मातीची धूळ अजून हातावर होती, आणि मी मान हलवली.

म्हणून हे लिहायला बसलोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. तसंही माझं लिहिलेलं तू कधी वाचत नव्हतास. "तुझं अक्षर लई देखणं हाय, इष्ण्या. कागद उलटा धरला तरी देखणंच दिसतंय," असं म्हणून परत द्यायचास. विष्णूचा इष्ण्या तू चौथीत केलास. पुढं मी मास्तर झालो, हेडमास्तर झालो, अख्खी वस्ती गुरुजी म्हणायला लागली, बायको गेली, आईवडील तर केव्हाच गेले होते. मला एकेरी हाक मारणारा तू एकटाच उरला होतास. आता बारामतीत मुलाच्या घरी सगळे मला 'अण्णा' म्हणतात, 'अहो' म्हणतात. फार अदबीनं वागवतात. कुणी शिवी देत नाही.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. आपली जुनी शाळा पाण्याखाली नेमकी कुठं आहे, हे. होडी घेऊन पलीकडं जाताना तू मध्येच इंजिन बंद करायचास आणि म्हणायचास, "हितं. बरोबर हितं खाली तुझा बाक." मी म्हणायचो, नाही, अजून उगवतीला, चिंचेच्या पलीकडं. "चिच कुठं राह्यली आता?" तू विचारायचास. मग आपण दोघंही पाण्याकडं बघत बसायचो आणि होडी वाऱ्यानं आपसूक फिरायची. एका उन्हाळ्यात धरण पार मायनसमध्ये, मृतसाठ्यात गेलं, गाळातून जोती वर आली, तेव्हा आपण दोघं मुद्दाम बघायला गेलो. आणि दोन जोती सापडली! एक तू म्हणायचास तिथं, एक मी म्हणायचो तिथं. एक शाळेचं आणि एक चावडीचं, पण कुठलं कुठलं ते काही ठरलं नाही. तू म्हणालास, "जाऊ दी. चावडीत बी मारच खाल्ला असंल आपण."

ज्यांना आपली वस्ती माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. धरणाचं पाणी आलं तेव्हा इंदापूर तालुक्यातलं आपलं गाव खाली गेलं आणि गावामागचा माळ तेवढा वर राहिला. त्या माळावर जी घरं सरकली ते आपलं माळबेट. पाणी भरलं की चारी बाजूंनी वेढा पडतो आणि होडीशिवाय जाता येत नाही. पाणी उतरलं की एका अंगाला चिखलाची वाट उघडी पडते आणि आपण पुन्हा तालुक्याला जोडले जातो. निम्मी घरं आपल्यासारखी, जुन्या गावातून आलेली. निम्मी मासेमारी करणाऱ्यांची, पाण्यामागून आलेली. त्या सगळ्यांच्या मासेमारी संस्थेचा तू चेअरमन होतास, बर्फ विकायचास, आणि इंजिनाची होडी चालवायचास. मी कागद लिहायचो. चाळीस वर्षं हे असं चाललं.

मग ती साथ आली.

गावानं दक्षता समिती केली आणि मला अध्यक्ष केलं. मी काय काय केलं ते तुला माहीत आहे, पण आज मला ते माझ्या तोंडानं सांगायचंय. उतरायच्या काठावर मी वेड्या बाभळीच्या फांद्या टाकायला लावल्या. माझ्या देखण्या अक्षरात फलक लिहिला: 'बाहेरून येणाऱ्यास बेटावर उतरण्यास सक्त मनाई.' चौथ्याच दिवशी तू पुण्याहून आलेल्या तुझ्या शमाला होडीत घालून आणलंस. पोरीच्या कडेवर तान्हं होतं. मी काठावर उभा होतो, आणि माझ्यामागं निम्मी वस्ती उभी होती. मी म्हणालो, "मौला, नियम म्हणजे नियम."

मला वाटलं तू भांडशील. त्या दिवसांत तुमच्या लोकांबद्दल टीव्हीवर काय काय चाललं होतं, ते तू ऐकत होतास, आणि माझ्यामागं उभे असलेलेही ऐकत होते. तू फक्त माझ्याकडं बघितलंस आणि होडी वळवलीस. पलीकडच्या काठावर जाळी ठेवायच्या खोपटात पोरीला चौदा दिवस ठेवलंस. रोज दोन वेळा डबा घेऊन जायचास. लांबून मला तुझी होडी दिसायची.

आणि त्याच आठवड्यात मी दाढ दुखते म्हणून बारामतीला जाऊन आलो. स्वतःच्या सहीचा पास घेऊन. कुणाला सांगितलं नाही.

ताप आला तेव्हा मी दार लावून पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी तू दार ढकलून आत आलास. तोंडाला पंचा बांधलेला. म्हणालास, "ऊठ. इंदापूरला जायचंय." मी म्हणालो, नको, लोक बघतील. "बघू देत. मी सांगतो टायफाईड हाय."

होडीत मी पुढं बसलो, तू मागं इंजिनापाशी. मला धाप लागली होती. अर्ध्या पाण्यात गेल्यावर तू मोठ्यानं म्हणालास, "शमाला काठाला लागू दिलं न्हाईस, आन् तुला मी बगलंत मारून चाललोय. आता सांग मास्तर, ह्या परीक्षेत पास कोण आन् नापास कोण?" मला रडू फुटलं. "आता तोंड तिकडं कर लेका," तू म्हणालास, "वारा माझ्याकडं यितोय!"

दवाखान्यातून सुटताना त्यांनी मला एक कागद दिला. माझं पूर्ण नाव, वस्तीचं नाव, तारीख आणि त्याखाली शिक्का: बाधित. तो कागद मी ट्रंकेत पेन्शनच्या कागदांखाली ठेवला. वस्तीत टायफॉईडच राहिला. तू एकदाही वेगळं बोलला नाहीस, हमीदावहिनीपाशीसुद्धा नाही, असं मी आठ दिवसांपूर्वीपर्यंत समजत होतो.

साथ ओसरली, पण वस्ती उठेना. बंदीच्या दिवसांत व्यापारी आले नाहीत, चिलापी माशांचे ढीग काठावर नासले, पक्षी बघायला येणारे पाहुणे बंद झाले तेव्हा त्यांना फिरवणाऱ्या होड्या उन्हात तडकल्या. कुणी जाळी विकली, कुणी इंजिनं विकली, आणि निवृत्तीसारखा पाण्यावर जन्म काढलेला माणूस शेळगावकडं दुसऱ्याच्या उसाला पाणी धरायला जायला लागला. अशात एका मोठ्या संस्थेचं अनुदान आलं. साथीत मोडलेल्या बेटवस्त्यांचा रोजगार पुन्हा उभा करायला होड्या, जाळी, बर्फाच्या पेट्या देणार होते. फॉर्म तूच इंदापूरहून आणलास, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून.

शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. मी वाचत होतो. पहिलाच प्रश्न, 'वस्ती बेटावर आहे काय?'

"सा म्हैनं हाय, सा म्हैनं न्हाय," तू म्हणालास. "लिव्ह, धरणाला इचारून कळवतो."

"मायनसमधी आसलं की आमी सरकारचं, प्लसमधी आलं की देवाचं," निवृत्ती म्हणाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. किती दिवसांनी त्या ओट्यावर हसू ऐकलं होतं! मी लिहिलं, 'हंगामी बेट.' तू म्हणालास, "वा! हंगामी. जसा काय हरभराच."

पुढं एक रकाना होता. 'वस्तीतील किमान एका बाधित कुटुंबाचा दाखला जोडावा.'

मी म्हणालो, एक कशाला, ढीगभर जोडू. आपल्याकडं 'बाधित' म्हटलं की एकच अर्थ. पन्नास वर्षं आपण धरणबाधित. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत तो शब्द आपल्या नावामागं चालत आला. मी अभिमानानं सगळ्या जुन्या घरांचे धरणबाधित दाखले गोळा केले, क्रमानं लावले, टाचले. कुणाला शंका आली नाही. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली नसती. तिथं त्या शब्दाचा ताजा अर्थच आधी आठवला असता. आम्हाला जुना आठवला.

फक्त तुला शंका आली. सगळे गेल्यावर तू मागं थांबलास. खाली बसून म्हणालास, "इष्ण्या, ही बाधित म्हंजी आपली न्हवं गड्या. ही साथीतली बाधित आसंल. अनुदान साथीचं हाय, धरणाचं न्हाय."

मी म्हणालो, "मौला, मी हयातभर हा शब्द लिहितोय. चौथीत दोनदा बसलेल्यानं मला शब्द शिकवू नये."

तू हसलास. मग हळूच म्हणालास, "वस्तीत तसला शिक्क्याचा कागद येकच हाय. बाकी कुणी तपासाय गेलंच न्हाय. तुझ्या ट्रंकंतला. त्यो लाव, म्हंजी झालं."

इतकी वर्षं लोकांना वाटत होतं की कागदाची चूक झाली. माझ्या मनालाही मी बरीच वर्षं तेच सांगितलं, की मला कळलं नाही. खरं हे आहे की तू ते वाक्य संपवायच्या आत मला कळलं होतं. तू बरोबर होतास. पण त्या कागदावर तारीख होती. तो कागद फाईलला लागला असता तर ओट्यावर वाचला गेला असता, आणि ज्यानं काठावर काटे टाकले, बाळंतिणीला माघारी पाठवलं, तोच ती साथ बेटावर घेऊन आला होता, हे सगळ्यांना कळलं असतं. मला ते नको होतं. धरणबाधित असण्यात मान होता. आम्ही जमीन दिली, गाव दिलं. ह्या दुसऱ्या बाधितात लाज होती. मी मानाचा अर्थ निवडला आणि फाईल बांधली.

ती फाईल तुझ्याच हातात दिली. तूच ती इंदापूरला नेऊन दिलीस. काय चाललंय हे तुला ठाऊक होतं, आणि तरी पिशवी छातीशी धरूनच नेलीस.

अर्ज परत आला. 'मागितलेला दाखला जोडलेला नाही. मुदत संपली आहे.' पलीकडच्या काठावरच्या वस्तीला होड्या मिळाल्या. निळ्या, कोऱ्या. रोज सकाळी आपल्या समोरून जायच्या.

पुन्हा ओटा. पुन्हा सगळे. निवृत्ती तापलेला होता. "दाखलं जोडलं व्हतं न्हवं? मंग गेलं कुठं? फाईल कुणी नेली?"

"मौलानं," कुणीतरी म्हणालं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "माझ्याकडून फाईल बरोबर गेली होती."

एवढंच. पाच शब्द. पुढं मी काही जोडलं नाही, आणि तुझं नाव घ्यायचीही गरज पडली नाही. तू खांबाला टेकून उभा होतास. माझ्याकडं बघितलंस, अगदी त्या काठावर बघितलं होतंस तसंच. मग म्हणालास, "व्हय. माझ्याकडनंच झालं आसंल. मला कुठं कागद कळतुया."

तुला त्यांनी चेअरमनपदावरून काढलं. काही घरं बर्फ इंदापूरहून आणायला लागली. पण ते काहीच नाही. लोकांनी एक म्हण काढली. कुणाचं काम बिनसलं, एसटी चुकली, भाकरी करपली की म्हणायचे, "झाला मौलाचा कागद!" पोरंसोरं म्हणायला लागली. तुझ्या समोर कुणी बोललं तर तूच आधी हसायचास. मागच्या वर्षी बारामतीत, इथं, माझ्या सूनबाईनं फोनवरून काहीतरी मागवलं आणि दुसरंच आलं. ती म्हणाली, "अण्णा, झाला बघा मौलाचा कागद." तिला हा मौला कोण ते माहीतही नाही. लग्नात कुणा पाहुण्याच्या तोंडून ऐकलेलं. मी जेवत होतो. ताटावरून उठलो.

त्या बैठकीनंतर महिन्याभरानं होडीत मी तुला विचारलं होतं, का बोलला नाहीस? तू सुकाणूवरचा हात न काढता म्हणालास, "तुझा शब्द खोटा पडला तर उद्या ह्या वस्तीचा अर्ज कोण लिव्हणार? निवृत्ती? त्येला सही करताना बी घाम फुटतो. माझं काय, मी बर्फ इकतो. बर्फाला कुठं अब्रू लागती?" मग म्हणालास, "पर फुडल्या बारीला येक कर. न्हाय कळलं तर न्हाय कळलं म्हण. मरत न्हाय माणूस."

आभार मानायचे राहिले, मौला. माफी तर राहिलीच. दिवाळीनंतर तुला बघायला आलो, तेव्हा सांगायचं ठरवूनच आलो होतो. तू उशीला टेकून बसला होतास, बोलताना दम लागत होता. मी तोंड उघडलं आणि तू म्हणालास, "चिच उगवतीलाच व्हती, इष्ण्या. मला सपनात दिसली. तुझं बरोबर." पन्नास वर्षांचं भांडण तू मला असं देऊन टाकलंस. मी तुझे पाय चेपले आणि परत आलो.

जियारतीच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी हमीदावहिनींपुढं बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. ट्रंकेतला कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"मला म्हाईत हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांनी तवाच सांगितलं व्हतं. वर म्हणालं, इष्णूला कळू दिऊ नगं तुला म्हाईत हाय म्हणून. त्यो घरी यायचा बंद हुईल."

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्या हातचा चहा पीत होतो, खिमा खात होतो, ईदला शिरखुर्म्याचा दुसरा वाडगा मागत होतो, आणि त्या जाणून होत्या. मी त्यांच्या पायांकडं हात नेला. त्यांनी पाय आखडून घेतले.

"मला सांगून काय व्हायचं? मी का फसले व्हते? जितं गप बसला, तितं जाऊन बोला."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. अजूनही म्हणालेल्या नाहीत. चहा मात्र ठेवला.

काल गेलो. पाणी भरलेलं आहे, त्यामुळे होडी लागली. होडी शमा चालवते आता. मला हात देऊन आत घेतलं आणि म्हणाली, "काका, मधी बसा, कडंला नको." ती इंजिन अगदी तुझ्यासारखं चालू करते, एकदा शिवी देऊन आणि मग दोरी ओढून. अख्ख्या वाटेत मी तिच्याकडं पाठ करून बसलो. उतरताना तिला म्हणालो, तूही ओट्यावर ये. ती आली.

मी निवृत्तीला सांगून ठेवलं होतं, मासेमारी संस्थेच्या माणसांना बोलव. लोकांना वाटलं, गुरुजी तुझ्या आठवणी सांगणार. दोघा-तिघांनी आधीच डोळ्याला पदर लावला होता. मी उभा राहिलो, कागद काढला, आणि वाचला. आधी तारीख. मग नाव. मग शिक्का. मग बारामतीची दाढ, काठावरचे काटे, तू मागं थांबून सांगितलेलं, मी तुला बोललेलं, आणि ते पाच शब्द. अनुदान एका कागदानं गेलं आणि तो कागद हा होता, माझ्या ट्रंकेत. मौलाला कागद कळत होता. मलाही कळत होता. फरक एवढाच, की त्याला त्या कागदाची लाज नव्हती आणि मला होती.

वाचून झालं. मला वाटलं होतं कुणी उठून अंगावर येईल. मनातून मला ते हवंही होतं, त्याला तरी काही उत्तर देता आलं असतं. एक म्हातारी हळू आवाजात शेजारणीला विचारत होती, "म्हंजी आपल्या होड्या गुरुजींमुळं गेल्या व्हय?" आणि शेजारीण तिला गप करत होती. शमा खांबाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण ती गेलीही नाही.

मग निवृत्ती उठला. त्यानं टोपी काढली, हातात चुरगळली. माझ्यावर चिडलेला नव्हता. घाबरलेला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमचं तुमी बोलून मोकळं झाला. पर आमी त्येला जे जे बोललो, पाच वर्सं, त्येच्या तोंडावर, त्येच्या पोरांसमुर... त्येचं आता आमी काय करायचं वं?"

सगळे माझ्याकडं बघत होते, मौला. अर्ज वाचताना बघायचे तसे, की आता गुरुजी सांगतील काय लिहायचं ते. माझ्या जिभेवर दोन-तीन वाक्यं आली. चांगली होती, सत्काराच्या भाषणात शोभतील अशी. ती मी गिळली.

"निवृत्ती," मी म्हणालो, "मला येत नाही याचं उत्तर."

आणि मी खाली, त्यांच्यात जाऊन बसलो.